गळ्यामागचा आकडा

टप्प.

दुपारी सगळं घर निजलेलं असताना डब्याचं झाकण उघडलं की तो आवाज लपत नाही. मला तर तो पाठच आहे. झाकण अंगठ्याने दाबून धरायचं, श्वास रोखायचा आणि आवाज न करता डबा उघडायचा, ही कला आमच्या घरात फक्त मला येते. त्यामुळे सुईत दोरा ओवताना तो टप्प ऐकून मला आधी हसूच आलं. म्हटलं, लेक आईवर गेली. हात अजून कच्चा आहे, एवढंच.

मी वाकून शिवणयंत्राखाली पाहिलं. चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून बटण बसली होती. बटण हे तिचं घरातलं नाव. जन्मली तेव्हा गोल, घट्ट आणि हातातून निसटणारी होती, म्हणून. तिच्या मांडीत माझा लेबलांचा डबा होता. पण ती डब्यातून काही काढत नव्हती. ठेवत होती. जेवणातला अर्धा उकडलेला बटाटा तिने लेबलांच्या ढिगात अलगद ठेवला, घरट्यात अंडं ठेवावं तसा. शेजारी पावाचे वाळून लाकूड झालेले तुकडे होते, अर्धं बिस्किट होतं आणि कालच्या अंड्याचा वास होता.

"हे काय गं?"

"माझं अर्धं," ती कुजबुजली. "आजीला सांगू नकोस हं. आजी म्हणते टाकायचं नाही. आत्या म्हणते खायचं नाही. मग मी ठेवते."

"आणि भूक नाही लागत तुला?"

"लागते ना," ती शहाण्यासारखी म्हणाली. "पण ती मनाची असते."

मग तिने झाकण लावलं. अंगठ्याने दाबून, आवाज न करता.

हे मन आमच्या घरात कसं शिरलं, ते सांगायला हवं.

मी कपडे दुरुस्त करते. मागच्या खोलीत यंत्र आहे, भिंतीला आरसा आहे, आणि गिऱ्हाईक आलं की ओढायला एक पडदा. बाया कपडे आणतात ते सैल करायला. घट्ट करायला कोणी आणत नाही. शिवणाऱ्याने आत माया, म्हणजे जादा कापड, सोडली असेल तर काम सोपं, नसेल तर काखेत पट्टी जोडायची आणि ती फॅशन आहे असं सांगायचं. कपडा देताना बाई दारापर्यंत जाते, वळते आणि म्हणते, "जरा नीट बघा हं." मी म्हणते, "बघते." या 'नीट बघा'चा अर्थ असा, की बाजू उसवून सैल करा आणि गळ्यामागचं लेबल काढून कमी आकड्याचं लावा. हे आजवर कोणी तोंडाने बोललेलं नाही. याला फसवणूक म्हणावं, तर फसतंय कोण? तिला माहीत असतं, मला माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त आरशाला.

लहान आकड्यांची लेबलं मी जुन्या कपड्यांवरून जमवते. डबा धरायचं काम बटणचं. "अडतीस दे," म्हटलं की ती शोधून देते. आकडे ती शाळेत नाही शिकली, इथे शिकली.

माझी नणंद, म्हणजे ताई, वरच्या मजल्यावर राहते. दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. नवरा बोटीवर. वर्षातून एकदा येतो, तो आल्यावर तिच्याकडे आधी पाहतो आणि मग बॅग खाली ठेवतो. त्या मधल्या क्षणाची ताईला वर्षभर भीती. त्यात आमच्या सासूबाईंनी तिला लहानपणापासून एकाच पद्धतीने वाढवलेलं: रडली की हातात बिस्किट, खाल्लं की पाठीत धपाटा. अजूनही आमच्याकडे आली की सासूबाई म्हणतात, "किती सुटलीस गं! बस, काहीतरी खाऊन जा."

बोट यायच्या आधी एकदा ताई तिचा निळा ड्रेस घेऊन आली. पडद्याआड जाऊन घालून पाहिला. मग नुसता हात बाहेर आला, हातात ड्रेस. "नीट बघ हं," ती म्हणाली. मी नीट बघितलं. दोन आकडे खाली आणले. नणंद घरचीच, तिथे काय हात राखायचा?

पुढच्या आठवड्यात ती जिना उतरली ती राणीसारखी. "कळलं का? दोन नंबर कमी झाले माझे!"

मी तिच्या डोळ्यांत मिस्कीलपणा शोधला. नव्हता. ती खरोखर विसरली होती. विसरायचं ठरवलं की माणसाला फार वेळ लागत नाही. आणि गंमत अशी, की ती खरंच बारीक दिसायला लागली. मान वर झाली, पोट आत गेलं, चालण्यात ऐट आली. बोटीवरचा नवरा आला आणि चक्क बॅग आधी खाली ठेवली त्याने. मग काय! जो तो विचारायला लागला, "काय केलंत हो?" आता 'वहिनीने शिवण उसवली' असं कोण सांगेल? ताई म्हणाली, "मनावर काम केलं."

झालं. सुट्टीच्या दिवशी ताईच्या दिवाणखान्यात वर्ग भरायला लागला. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर बाया. भूक लागली की एक हात पोटावर ठेवायचा, एक छातीवर, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "पोटाची की मनाची?" ताईच्या अनुभवाने ती नेहमी मनाचीच निघायची. कुरकुरीत खाणारा आतून रागावलेला असतो, मऊ खाणारा दुःखी असतो, आणि गोड खाणाऱ्याला कोणीतरी जवळ घ्यायला हवं असतं, हेही ताईनेच शोधून काढलं. माझा नवरा तिन्ही खातो. पडल्या पडल्या घोरतो.

पण बाया हसण्यावारी नेत नसत. बँकेतली काकू रडली. शाळेतल्या बाई रडल्या. औषधांच्या दुकानाची मालकीण तर म्हणाली, "गेली कित्येक वर्षं मी आमच्या ह्यांच्यावरचा राग चिप्सवर काढतेय." त्यांना खरंच बरं वाटत असणार. इतका वेळ कोण कुणाचं ऐकून घेतं? मन हलकं झालं की सगळ्यांना सपाटून भूक लागायची, आणि त्या भुकेला मात्र कोणी काही विचारत नसे. घरी जाताना वाटेतच उरकून घेत. आणि मग एकेक जण कपडा घेऊन माझ्याकडे. "जरा नीट बघा हं."

मीही जायचे वर्गाला, शेवटच्या रांगेत. माझं आपलं एक वेगळं शास्त्र होतं. उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही. बटणच्या ताटातली पावाची कड, नवऱ्याने टाकलेला बटाटा, पातेल्याला चिकटलेलं काहीबाही, हे ओट्याशी उभं राहून, पाठ दाराकडे करून खाल्लं की ते जेवण नव्हेच. ते आवरणं.

असं सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मग एक दिवस बँकवाली काकू बटणचा गाल ओढून म्हणाली, "काय गुटगुटीत आहे हो!" वर्गातल्या बायांनी माना वळवल्या. ताईच्या कपाळावर आठी आली. घरातच गुटगुटीत, म्हणजे दिव्याखाली अंधार की! तिथल्या तिथे तिने बटणला वर्गात घेतलं. "ही आपली सगळ्यात छोटी सभासद. हिचा नियम एकच. सगळं अर्धं."

बाया कौतुकाने हसल्या. मीही हसले. मला वाटलं खेळ आहे.

डबा सापडला त्या दुपारी मला तो रिकामा करवेना, तसाच ठेवला आणि बटणच्या शाळेच्या स्कर्टचा पट्टा हातात घेतला. तो सैल झाला होता. पिन लावून तिने तो स्वतःच धरून ठेवला होता. मी तो आत घेतला. घट्ट करायला माझ्या यंत्रावर आलेला तो पहिला कपडा. टीप काही सरळ जाईना.

संध्याकाळी मी जिना चढले.

"ताई, बटणचं थांबवा आता. ती जेवत नाहीये."

"जेवत नाही काय? अर्धं जेवते," ताई आरशात बघत म्हणाली. "तुझं आईचं काळीज. अगं, तिच्या वयात मला कोणी हे शिकवलं असतं ना, तर माझं आयुष्य वेगळं असतं. तुला माहितीये शाळेत मला काय म्हणायचे?"

"काय?"

"पिंप." ती वळली. "शाळेत नाही, घरात. शाळेत तर नाव उच्चारण्यासारखंही नव्हतं. तिला कोणी पिंप म्हणायला नको. कळलं?"

वाईट हेतू असता तर भांडता आलं असतं.

मग सासूबाईंना सांगितलं. त्या उसळल्या. "लेकराला उपाशी ठेवते? येऊ दे तिला माझ्यासमोर!" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण हां, फुगली होती जराशी. आता बरी दिसते."

राहिला नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बिस्किटांचा पुडा समोर घेऊन त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "लिफ्टचं बरं असतं," म्हणाला. "वजन जास्त झालं की घंटा वाजते, शेवटी चढलेला उतरतो. कमी झाल्याची घंटा मात्र नसते तिला."

"तू बोल ना ताईशी."

"मी? मी लहान आहे तिच्यापेक्षा." आणि पुडा संपल्याचं पाहून जरा उदास झाला.

मग मी बटणलाच घेऊन बसले. मांडीवर घेतलं, भरवलं, विमान केलं, पक्षी केला. ती माझं मन राखायला तोंड उघडायची. अर्धा घास झाला की हात पोटावर, हात छातीवर, डोळे बंद. मग डोळे उघडून हळूच सांगायची, "मनाचीच आहे आई. राहू दे." लेकराने इतक्या समजूतदारपणे नाही म्हटलं की पोटात खड्डा पडतो. तो खड्डा पोटाचा की मनाचा, ते मला विचारू नका. रात्री तिला थोपटताना खांद्याची हाडं हाताला लागली. आधी ती शोधावी लागायची.

वर्गाला वर्ष झालं म्हणून ताईने मोठा कार्यक्रम ठेवला. दिवाणखाना गच्च. बाया भिंतीला टेकून बसलेल्या, उशिरा आलेल्या दारात. ताईने तो निळा ड्रेस घातला होता. मी ठरवून गेले होते की कार्यक्रम संपला की बटणचं नाव वर्गातून काढायचं, मग ताई बोलो न बोलो. पण कार्यक्रम सुरूच बटणपासून झाला. ताईने तिला स्टुलावर उभं केलं.

"लोक विचारतात, मॅडम, पुरावा काय?" ताई म्हणाली. "वजनकाटा मी मानत नाही. काटा खोटं बोलतो. कपडा खोटं बोलत नाही." आणि तिने मान खाली घालून केस बाजूला घेतले, बोटाने गळ्यामागचं लेबल बाहेर काढलं. "वाचा. मोठ्याने वाचा."

"अडतीस!" पुढच्या रांगेने वाचलं. टाळ्या पडल्या.

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती बटण. स्टुलावरून तिला लेबल अगदी जवळून दिसत होतं. ओळखीची वस्तू दिसली की मुलं गप्प कशी बसतील?

"हे मीच शोधलं होतं!" ती आनंदाने ओरडली. "आईने लावलं. मी डबा धरला होता!"

टाळ्या एका बाजूने थांबत आल्या.

"लहान आहे हो ती," ताई हसली. हसू ओठांवरच राहिलं.

"खरंच!" बटणला वाटलं आपल्यावर विश्वास बसत नाही. "बँकवाल्या काकूंचं पण मीच दिलं. बाईंचं पण. औषधवाल्या काकूंना तर सापडतच नव्हतं, मग आईने फ्रॉकचं काढलं."

आणि मग मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. त्या खोलीतल्या एकूण एक बाईचा हात, मनात नसताना, आपापल्या मानेमागे गेला. कोणी केस सारखे केल्यासारखं केलं, कोणी मान खाजवली. हात मात्र तिथेच. खोली भरून बाया, सगळ्यांची कोपरं वर.

"माझं ओरिजिनल आहे," बँकवाली काकू म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"आणि हे माझं!" बटण म्हणाली.

तिने पाठ वळवून कॉलर खाली ओढली. मी पुढे होईपर्यंत सगळ्यांनी पाहिलं. गळ्यामागे, कातडीलाच, तिने गोंदाने एक लेबल चिकटवलं होतं. तान्ह्या बाळाच्या झबल्याचं. डब्यातलं सगळ्यात लहान. भोवतीची कातडी लाल झालेली.

"आधी लेबल लावायचं," ती ताईला समजावून सांगत होती, कारण चेहऱ्यावरून तिला वाटलं, आत्याला समजलेलं नाही. "मग तेवढं व्हायचं. हो ना आत्या? मी होतेय. पण जरा वेळ लागतो."

मी तिला स्टुलावरून उचललं. हलकी लागली. आई म्हणून सांगते, लेकरू उचलताना हलकं लागावं यासारखी वाईट गोष्ट नाही. तिला तशीच खाली घेऊन आले. कोमट पाण्याने तिच्या मानेवरचा गोंद सोडवला. ती म्हणाली, "मी चुकले का?" मी म्हटलं, "नाही गं. तू डबा बरोबर धरलास."

वरून चपलांचा आवाज येत राहिला. बाया एकेकट्या उतरत होत्या, गप्पा न मारता.

बटणला मी टेबलाशी बसवलं. पुढ्यात बटाटा, अंडं, लोणी लावलेला पाव. ती ताटाकडे बघत बसली. सासूबाई दारात. नवरा कामावर. मी ओट्याशी.

मग ताई आली. त्याच ड्रेसमध्ये. डोळे सुजलेले. "कात्री दे," म्हणाली.

मला वाटलं आता काय होतंय! तिने हात मागे नेऊन, आरसा न घेता, चाचपडत लेबल कापलं. ते टाकायला म्हणून यंत्रावरचा डबा उघडला. आणि तशीच उभी राहिली. आत पावाचे लाकूड झालेले तुकडे होते, सुरकुतलेला बटाटा होता, मुंग्या होत्या.

"हे काय?"

"अर्धं," मी म्हटलं.

तिने झाकण हळूच लावलं. मग खुर्चीवर बसली आणि रडायला लागली, शाळेतल्या मुलीसारखी, नाक ओढत. सासूबाई लगबगीने आत गेल्या आणि बिस्किट घेऊन आल्या. पुढे धरलं.

"आई, बिस्किट नको गं," ताई म्हणाली. "नुसती बस ना जवळ."

बिस्किट धरलेला हात कुठे ठेवावा ते सासूबाईंना कळेना. शेवटी त्या ताईच्या शेजारी टेकल्या आणि गोंधळून ते बिस्किट स्वतःच खाऊन टाकलं. धपाटा मारायचा तो दुसरा हात ताईच्या पाठीवर नुसता पडून राहिला. ताई रडता रडता हसली. "बघ, आता हिला कोणीतरी जवळ घ्यायला हवंय."

बटण सगळं पाहत होती. "आत्या, मग आता मी कितीची?"

ताईचे दोन्ही हात सवयीने वर आले, एक पोटाकडे, एक छातीकडे. मध्येच थांबले. तिने ते टेबलावर पालथे ठेवले. "मला नाही येत गं ते सांगता. मला कधीच येत नव्हतं. तुला भूक लागलीय?"

बटणने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "लागलीय."

"मग खा."

"पण पोटाची की मनाची?"

"कसली पोटाची नि मनाची? भूक ती भूक."

बटणने बटाटा उचलला. अर्ध्यावर तिचा हात अडखळला. आम्ही तिघी श्वास धरून. मग तिने उरलेलाही तोंडात टाकला, दोन्ही गाल भरून, आणि शाळेत मन लावून चित्र काढावं तशी चावत राहिली. मी वळले. ओट्यावर तिच्या पावाच्या काढलेल्या कडा होत्या. पाठ दाराकडे करून मी त्यातली एक तोंडात घातली. काही तरी चावल्याशिवाय मला रडू आवरलं नसतं.

"आई, बस ना," मागून आवाज आला. तिने शेजारची खुर्ची ओढली.

"तुमचं होऊ दे गं. मी बसते मग."

"तू रोज असंच म्हणतेस." तिने घास गिळला. मग लेबल मागितल्यासारखं सहज विचारलं, "आई, तू उभ्याने का जेवतेस?"

ताईने वर पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं. पावाची दुसरी कड माझ्या हातातच होती.